आधी खर्च, मग अनुदान... पण खर्चाला पैसे कुणाचे?

'अनुदान' हा शब्द आपल्याकडे फार गोड झाला आहे. महिला मेळाव्यात व्यासपीठावरून तो उच्चारला गेला, की मागच्या रांगेतल्या बायकासुद्धा गप्पा थांबवून कान टवकारतात. त्याला 'निर्यात' जोडलं की मग विचारायलाच नको. आपली शेंगाचटणी दुबईला, आपली कडक भाकरी अमेरिकेला! टाळ्या पडतात, सत्कार होतात, आणि वक्ते गाडीत बसून निघून जातात. मागे राहतात त्या माहितीपत्रकं हातात धरलेल्या बायका.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बचत गटांबरोबर काम करते. आमच्याकडच्या कडक भाकरीचं आणि उखळात कुटलेल्या शेंगाचटणीचं कौतुक मी वेगळं सांगायला नको. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 हे वर्ष साऱ्या जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून तर ज्वारीला फारच बरे दिवस आले. माल उत्तम आहे, हात कसलेले आहेत, परदेशात खाणारी माणसंही आहेत. मग घोडं अडतं कुठं? ते अडतं एका साध्या गोष्टीवर, जी मेळाव्यात कुणीच सांगत नाही. निर्यातीसाठीची बहुतेक अनुदानं म्हणजे मदत नसते, परतावा असतो. आधी तुम्ही खर्च करायचा, पावत्या जोडायच्या, अर्ज करायचा, आणि मग त्यातला काही भाग सरकार परत देणार.

उदाहरणच घ्या. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने 2022 मध्ये पहिल्यांदाच निर्यात करणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी आपल्या आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनेत एक नवा भाग घातला. निर्यात परिषदेच्या सदस्यत्वाच्या फीपैकी 20,000 रुपयांपर्यंत, निर्यात विम्याच्या हप्त्यापैकी 10,000 रुपयांपर्यंत आणि मालाची तपासणी व गुणवत्ता प्रमाणपत्रं यांच्या खर्चापैकी 1 लाख रुपयांपर्यंत परतावा, अशी त्यातली तरतूद. वाचायला छान वाटतं, आणि योजना खरोखरच चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. परदेशातल्या प्रदर्शनात गाळा घ्यायचा, विमानाचं तिकीट काढायचं, त्यासाठीही वाणिज्य मंत्रालयाची योजना होती. नोव्हेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केलं, 2030-31 पर्यंतच्या सहा वर्षांसाठी 25,060 कोटी रुपयांचं, आणि जुन्या योजना त्या छत्राखाली आणायचं ठरलं. पैसा आहे. प्रश्न एवढाच, की तो आपल्या दारापर्यंत येण्याआधी आपण किती चालायचं?

आता आपल्या गटाचा हिशेब मांडू. गटात दहा जणी, दर महिन्याला प्रत्येकीची बचत 200 रुपये. वर्षाचे झाले 24,000. समजा तपासणी, परवाने, लेबलं, नमुन्यांचं पार्सल या सगळ्यात 60,000 रुपये घालायचे आहेत. म्हणजे दहा जणींची अडीच वर्षांची बचत एका अर्जामागे गुंतली! ही बचत काही कपाटात पडून नसते हो. त्यातून कुणाच्या मुलीची फी भरलेली असते, कुणाच्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं. परतावा सहा महिन्यांनी येणार की वर्षानं, हे अर्ज करताना कुणी सांगू शकत नाही. ज्याची बँकेत पत आहे, गोदाम आहे, ज्याच्याकडे हिशेबनीस आहे, तो हे थांबणं सोसू शकतो. परतावा मग त्यालाच मिळतो. कागदावर योजना सगळ्यांना सारखी, पण तिच्यापर्यंत पोचतो तो आधीच पोचलेला माणूस.

बरं, सरकारला आधी पैसे देताच येत नाहीत असंही नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या प्रधानमंत्री योजनेत बचत गटातल्या प्रत्येक सदस्येमागे 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल ठेवलं होतं, तेही खेळतं भांडवल आणि छोटी अवजारं यांच्यासाठी. म्हणजे पावती मागून, पैसा आधी! तीच युक्ती निर्यातीला का लावू नये? हातात ऑर्डर असलेल्या गटाला तपासणीचे पैसे रोख देऊ नका हवं तर, थेट प्रयोगशाळेला द्या. बायकांनी पैसे खाल्ले म्हणायची सोय उरणार नाही आणि नमुना वेळेत तपासला जाईल. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती मी जिथं संधी मिळेल तिथं मांडते.

तपासणीवर मी एवढं का बोलते, तेही सांगते. आपल्याला वाटतं, चटणी ती काय, तिखट-मीठ बरोबर पडलं की झालं. पण शेंगदाण्याला बुरशी आली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि दाणे भाजले तरी पूर्ण जात नाही. युरोपात तयार खाण्याच्या शेंगदाण्यात ते किलोला 4 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, अमेरिकेत मर्यादा 20 ची आहे. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे मायक्रोग्रॅम! आपल्या आज्या काळपट, सुरकुतलेला, वास येणारा दाणा निवडून बाजूला टाकायच्या, पावसाळ्यात भरलेलं पोतं घ्यायचं टाळायच्या. त्या निवडण्याला किती अर्थ होता ते इथं कळतं. पण परदेशातला ग्राहक आजीच्या नजरेवर विश्वास ठेवत नाही, त्याला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा कागद लागतो. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलीन ऑक्साइडच्या कारणावरून भारतीय मसाल्यांची काही पाकिटं बाजारातून काढायला लावली, तेव्हा ती मोठमोठ्या नावांची होती. त्यांना वकील आहेत, प्रयोगशाळा आहेत. आपलं एक खोकं बंदरावर अडलं तर त्या महिन्याची मजुरी गेली.

लेबलाचंही तसंच. अमेरिकेत शेंगदाणा हा ॲलर्जीचा पदार्थ म्हणून ठळक लिहावा लागतो, आणि 1 जानेवारी 2023 पासून तिळाचाही त्या यादीत समावेश झाला आहे. आपल्या चटणीत दाणेही असतात आणि पुष्कळ घरी तीळही. 'घरगुती चव' एवढं लिहून भागत नाही. अन्नसुरक्षेची जी साधी नोंदणी घरगुती व्यवसायाला चालते, ती निर्यातीला चालत नाही, केंद्रीय परवाना काढावा लागतो. अमेरिकेला माल धाडायचा तर माल बनवण्याच्या जागेची तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी लागते. ती नोंदणी फुकट असते बरं का! तिचं 'सरकारी शुल्क' म्हणून कुणी हजारो रुपये मागितले तर सावध व्हा. उद्यम नोंदणीचंही तेच, ती 1 जुलै 2020 पासून आधारवर होते आणि एक पैसा लागत नाही. तरी तिच्यासाठी पैसे मोजलेल्या बायका मला दर महिन्याला भेटतात.

हे झालं पैशाचं. त्याहून मोठी अडचण मला दिसते ती नावाची.

निर्यात करायची तर आधी आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो, त्याला आयईसी म्हणतात. परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर 500 रुपये भरून तो मिळतो. ऐकायला किती सोपं! पण त्याला लागतं पॅन, त्याच नावाचं बँक खातं, आणि व्यवसायाच्या जागेचा पुरावा. आता आपल्या बायकांच्या कागदांची पिशवी उघडून बघा. पॅनकार्ड लग्नाआधीचं, म्हणजे वडिलांच्या नावाचं. आधार लग्नानंतरचं, नवऱ्याच्या नावाचं. बँकेत कुणी हौसेनं लग्नात ठेवलेलं नाव लिहून टाकलेलं. शाळेच्या दाखल्यावर चौथंच काहीतरी. आणि विजेचं बिल? ते तर बारा वर्षांपूर्वी गेलेल्या मामंजींच्या नावावर! ज्या स्वयंपाकघरात ती पहाटे चार वाजता उठून भाकरी थापते, ते तिचं आहे असं सांगणारा एकही कागद घरात नसतो. संमतीपत्र लिहून द्यायला दीर तयार होत नाही, त्याला वाटतं, उद्या ही घरावर हक्क सांगेल.

एका कार्यालयात आमच्यातल्या एकीला सांगितलं गेलं, "मॅडम, साहेबांना पाठवून द्या." साहेब म्हणजे तिचे यजमान! ते रिक्षा चालवतात, आणि चटणीतलं त्यांना खाण्यापलीकडे काही कळत नाही. ती बिचारी हसत हसत सांगत होती, मला मात्र हसू आलं नाही.

नावावर कागद असण्याचं महत्त्व महाराष्ट्राला नवीन नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1990 च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. एप्रिल 2021 पासून राज्य सरकारनं बाईच्या नावानं घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. जमिनीचं, घराचं बोललं जातं, ते चांगलंच. पण विजेचं बिल, पॅन, बँकेचं खातं या बारक्या कागदांचं कुणी बोलत नाही. आणि आपल्यासारख्यांच्या धंद्याचं दार नेमकं त्या बारक्या कागदांनीच उघडतं. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही, हा वादाचा विषय असेल. मी त्यात पडत नाही. जे ठेवायचं ते ठेवा, पण सगळीकडे एकच ठेवा, स्पेलिंगसकट.

दुसरा गुंता गटाचा. बचत गटाचं बँकेत खातं असतं, त्यावर अध्यक्ष-सचिवांच्या सह्या असतात, पण कायद्याच्या नजरेत गट म्हणजे कंपनी नव्हे की सहकारी संस्था नव्हे. परदेशातला ग्राहक विचारतो, करार कुणाशी करू? मग घाईघाईत ठरतं, चला, हिच्याच नावावर सगळं काढू, हिला इंग्रजी येतं. ठरवताना सगळ्या मैत्रिणी असतात. पण आयईसी तिच्या नावाचा, परवाना तिच्या नावाचा, उद्या अनुदान आलं तर तेही तिच्याच खात्यात. बाकीच्या नऊ जणी कोण? मजूर? नियत खराब नसली तरी माणूस आजारी पडतं, तिची बदली होते, घरात भांडणं होतात. गटाचं नाव, बरणीवरचं चित्र, चटणीचं प्रमाण हे सगळं कुणाचं, यावरून दोन जावांसारख्या राहणाऱ्या बायका एकमेकींशी बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्या आहेत. भागीदारी करा, सहकारी संस्था करा, माणसं जास्त असतील तर उत्पादक कंपनी करा. वेळ लागेल, सही-शिक्क्याचा कंटाळा येईल. पण हे काम ऑर्डर यायच्या आधी करायचं आहे, नंतर नाही. आणि ते होईपर्यंत एकीच्या नावावर काढावंच लागलं, तर निदान शंभराच्या नव्हे, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सगळ्यांचा वाटा लिहून ठेवा. मैत्री तुटेल म्हणून न लिहिणाऱ्यांचीच मैत्री तुटते, असा माझा अनुभव आहे.

आणि तो मोबाईल! आई मालकीण, पण अर्जात मोबाईल नंबर पुण्यात शिकणाऱ्या मुलाचा, ईमेल भाच्याचा किंवा नेटकॅफेवाल्याचा. ओटीपी तिकडे जाणार. मुलगा परीक्षेत, भाचा रागावलेला, कॅफे बंद झालेला, आणि अर्जात दुरुस्ती करायची शेवटची तारीख निघून गेली. मुलांची मदत जरूर घ्या, ती हुशार असतात. पण नंबर स्वतःचा, ईमेल स्वतःचा, आणि पासवर्ड एका वहीत लिहून कपाटातल्या दागिन्यांच्या डब्याशेजारी.

खूप जणी मला म्हणतात, "ताई, आमची चटणी तर कधीच परदेशात गेली आहे." गेली आहे, खरं आहे. लेकीच्या बॅगेतून, जावयाच्या मित्राबरोबर. पण मैत्रिणींनो, बॅगेतून गेलेली चटणी ही निर्यात नव्हे. अनुदानाच्या अर्जाला लागतं बिल, सीमाशुल्क खात्याकडे झालेली नोंद, आणि मालाची किंमत म्हणून बँकेत परदेशातून आलेला पैसा. लेकीनं तुमच्या बचत खात्यावर पाठवलेले पैसे म्हणजे लेकीनं आईला पाठवलेले पैसे, बस्स. तेच चार डबे रीतसर पाठवले, चालू खात्यावर पैसे घेतले, तर ती तुमची पहिली निर्यात. यासाठी मुंबईच्या बंदरात जायचीही गरज नाही. 2022 पासून टपाल खात्यानं डाकघर निर्यात केंद्रं उघडली, देशभरात ती हजाराच्या वर आहेत. पार्सलची निर्यात नोंद तिथं ऑनलाइन होते. छोट्या गटासाठी मला हा सगळ्यात चांगला रस्ता वाटतो. भाकरी मात्र नीट बांधा. कडक भाकरीचा चुरा ज्याच्या घरी पोचतो, तो दुसऱ्यांदा मागवत नाही.

या रस्त्यावरही खड्डे आहेतच. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं आयात शुल्काचे नियम बदलले, आणि 25 ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्याला तिकडची पार्सलं थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला. दिवाळी होती 20-21 ऑक्टोबरला! वर्षभर ज्या फराळाच्या ऑर्डरींची वाट पाहिली, त्यांचा हंगाम असा डोळ्यांदेखत निघून गेला. या नुकसानीला कुठल्याही अर्जात रकाना नाही. म्हणून मी सांगते, सगळी मदार एका देशावर ठेवू नका, आणि गावातलं, जिल्ह्यातलं गिऱ्हाईक तोडून परदेशाच्या मागे लागू नका.

स्वतः निर्यात करायची हिंमत नसेल तर ती केलीच पाहिजे असंही नाही. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात जणींनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटायला घेतले, त्याची लिज्जत झाली. लिज्जतचे पापडही परदेशात जातात ते निर्यातदार व्यापाऱ्यांमार्फत. त्यात कमीपणा नाही. फक्त एवढं पाहा, की व्यापाऱ्याच्या निर्यातीच्या कागदांवर उत्पादक म्हणून तुमच्या गटाचं नाव पडेल. ते पडलं तर दोन वर्षांनी तुम्ही दाखवू शकता की हा माल आमचा होता. नाही पडलं, तर चटणी तुमची, नाव त्याचं, आणि परतावाही त्याचाच.

जिल्हा उद्योग केंद्रात जाताना एकटीनं जाऊ नका, चौघी जणी जा. तिथं 'आम्हाला काहीतरी योजना सांगा' असं विचारलं की हातात पत्रक मिळतं. त्याऐवजी विचारा: या आर्थिक वर्षात ही योजना चालू आहे का? ताज्या मार्गदर्शक सूचनांची प्रत द्या. खर्चाच्या आधी मंजुरी घ्यावी लागते की नंतर अर्ज चालतो? आमच्या जिल्ह्यातून गेल्या वर्षी किती जणींना परतावा मिळाला? शेवटचा प्रश्न जरा मोठ्यानं विचारा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात निर्यात प्रोत्साहन समिती असते. तिच्या बैठकीत एखाद्या गटाच्या बाईला खुर्ची मिळते का, हेही विचारायला हरकत नाही. आणि 'अनुदान मंजूर करून देतो, वीस टक्के आमचे' म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ज्याला कमिशन आधी हवं असतं, त्याला तुमचा अर्ज नीट भरण्यात काडीचा रस नसतो.

एक बारीकशी गोष्ट राहिली. आयईसी काढून झाला म्हणजे काम संपलं असं नाही. दरवर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत संकेतस्थळावर जाऊन त्यातली माहिती 'ताजी' करावी लागते, काही बदललं नसलं तरीसुद्धा. केली नाही तर क्रमांक बंद पडतो, आणि ते कळतं नेमकं पार्सल तयार झाल्यावर. त्याच काळात घरात उन्हाळी कामं असतात, कुरडया-पापड्या वाळत असतात, लग्नसराई असते. तेव्हा आजच भिंतीवरच्या कालनिर्णयावर, एप्रिलच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.